'अमर चित्र कथा' : एका प्रकाशनसंस्थेची वाटचाल आणि तिचे मराठी हात

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत ज्या वाचनाचा मागमूस सहसा सापडत नाही, त्यात चित्रकथांचा क्रमांक पहिला लागेल. मुलांनी त्या दप्तरात लपवून शाळेत नेल्या, आगगाडीच्या प्रवासात वाचल्या, सुटीत एकमेकांत बदलून घेतल्या. पाने सुटी झाली तेव्हा त्या रद्दीत गेल्या. पुस्तक म्हणून त्यांना मान मिळाला नाही आणि नियतकालिक म्हणून त्यांची बांधणीही झाली नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांना राम, कर्ण, शिवाजी महाराज, झाशीची राणी ही माणसे प्रथम कोणत्या रूपात भेटली, असा प्रश्न केला तर उत्तर बहुधा एकच येईल : 'अमर चित्र कथा'च्या बत्तीस रंगीत पानांतून. मुंबईत वाढलेल्या या प्रकाशनाचा इतिहास मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या चित्रांचा फार मोठा भाग मराठी माणसांनी रेखाटला, आणि ती नावे मात्र मराठी वाचकांच्या स्मरणात फारशी राहिली नाहीत.

पूर्वपीठिका

चित्रांतून कथा सांगण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नव्हती. पैठणच्या चित्रकथींच्या पोथ्या आणि पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचे खेळ हे तिचे जुने रूप होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९४ मध्ये, राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. त्या छापखान्याच्या रंगीत चित्रांनी देवदेवतांचे आणि पुराणातील स्त्री-पुरुषांचे चेहरे घरोघरच्या भिंतींवर कायमचे ठरवून टाकले. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांनी मुखपृष्ठे आणि दिवाळी अंक यांच्याद्वारे छापील चित्राची गोडी मराठी घरात रुजवली. मद्रासहून निघणाऱ्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' १९५२ पासून मुलांच्या हाती येऊ लागली. तिच्यात गोष्ट आणि चित्र शेजारी शेजारी नांदत. चौकटीमागून चौकट असे चित्रच गोष्ट पुढे नेत आहे, हा प्रकार मात्र अजून परदेशी मानला जाई.

तो प्रकार भारतीय भाषांतून मोठ्या प्रमाणावर रुजवण्याचे श्रेय प्रथम टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ला द्यावे लागेल. मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू झाली. ली फॉक यांचा 'फँटम' हा तिचा पहिला नायक. मराठी मुलांना तो 'वेताळ' या नावाने परिचित झाला. या मालिकेच्या उभारणीत सहभागी असलेले एक तरुण संपादक होते अनंत पै.

अनंत पै

पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजी कर्नाटकातील कारकळ येथे एका कोकणी भाषक कुटुंबात झाला. अगदी लहान वयातच त्यांचे आई-वडील निवर्तले. बाराव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईस आले आणि माहीमच्या ओरिएंट शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी मुंबईत रसायन-तंत्रज्ञानाची पदवी घेतली. पण ओढा होता तो छापील अक्षराकडे. १९५४ मध्ये त्यांनी 'मानव' नावाचे मुलांचे मासिक काढून पाहिले. ते चालले नाही. त्यानंतर ते टाइम्स समूहाच्या पुस्तक विभागात दाखल झाले आणि तेथे चित्रकथेच्या निर्मितीची सगळी अंगे त्यांना जवळून पाहावयास मिळाली.

१९६७ साली दिल्लीच्या एका दुकानात दूरदर्शनवरील शालेय प्रश्नमंजूषा ते पाहत होते. ग्रीक देवतांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी दिले. रामाच्या आईचे नाव मात्र त्यांना सांगता आले नाही. ही हकीकत पै यांनी पुढे आयुष्यभर सांगितली, आणि संस्थेच्या जन्मकथेत तिला मानाचे स्थान आहे. तथापि जन्मकथेला दुसरीही एक बाजू आहे. 'इंडिया बुक हाऊस' या वितरण-प्रकाशन संस्थेच्या बंगलोर येथील कार्यालयातील जी. के. अनंतराम यांनी त्याआधीच, १९६५ मध्ये, युरोपीय परीकथांच्या चित्रपुस्तिका कन्नडमध्ये काढल्या होत्या. अशा दहा परीकथा मालिकेच्या आरंभी आहेत. म्हणूनच पै यांनी लिहिलेली आणि राम वाईरकर यांनी चित्रित केलेली 'कृष्ण' ही भारतीय विषयावरील पहिली पुस्तिका १९६९-७० च्या सुमारास बाहेर पडली तेव्हा तिच्यावर अनुक्रमांक होता अकरा. त्या एका आकड्यात मालिकेचा सारा उलगडा सामावला आहे : सिंड्रेला आणि हिमगौरी यांच्या पाठोपाठ, त्यांच्याच साच्यात, कृष्ण अवतरला.

इंडिया बुक हाऊसचे जी. एल. मीरचंदानी यांनी पै यांच्या कल्पनेवर पैसा लावला. आरंभीची वर्षे खडतर होती. पुस्तकविक्रेत्यांना हा माल कोठे मांडावा ते कळेना. शिक्षक आणि पालक यांना चित्रपुस्तिका म्हणजे अभ्यासाची शत्रू वाटे. पै यांनी शाळांचे दरवाजे ठोठावले, मुख्याध्यापकांना भेटले, मुलांशी बोलले. १९७८ मध्ये दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानाविषयी एक परिसंवाद घेण्यात आला, तो याच खटपटीचा भाग होता. चित्रकथा पाठ्यपुस्तकाच्या विरोधात नसून तिच्या सोबतीला आहे, हे पालकांच्या गळी उतरवणे हेच पै यांचे खरे विक्रीतंत्र होते, आणि त्यात ते यशस्वी झाले. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुस्तिका नियमाने निघू लागल्या आणि त्यांचे अनुवाद हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, कन्नड अशा भाषांतून होऊ लागले.

पाने कशी घडत

बत्तीस पानांत एक चरित्र बसवावयाचे, हा या मालिकेचा दंडक होता. संहिता चौकटीनिहाय लिहिली जाई : या चौकटीत कोण, कोठे, काय करीत आहे, वर निवेदनाचे वाक्य कोणते, फुग्यात संवाद कोणता. चित्रकार त्यावरून आधी पेन्सिलीने आराखडा काढी. संपादक वेशभूषा, वास्तू, शस्त्रे तपासून दुरुस्त्या सुचवीत. मग शाई, अक्षरलेखन आणि रंग. कमला चंद्रकांत, सुब्बा राव, लुइस फर्नांडिस यांच्यासारखे सहकारी पै यांना लाभले. अनेक संहिता विषयाच्या जाणकारांकडून लिहवून घेतल्या गेल्या. 'शिवाजी' या पुस्तिकेची संहिता मराठी मुलांचे लाडके लेखक, 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांची आहे आणि चित्रे पुण्याचे प्रताप मुळीक यांची. १९७९ मध्ये निघालेल्या 'बाबासाहेब आंबेडकर' या पुस्तिकेची संहिता एस. एस. रेगे यांची, चित्रे दिलीप कदम यांची.

राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, सी. एम. विटणकर, वसंत हळबे, अशोक डोंगरे, प्रदीप साठे ही नावे सलग वाचली की या प्रकाशनाचे चित्रांगण कोणत्या मातीचे होते ते ध्यानी येते. (सौरेन राय, युसूफ बंगलोरवाला यांच्यासारख्या अन्य प्रांतीय व अन्य भाषक कलावंतांचा वाटाही मोठा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.) वाईरकरांची रेषा चपळ आणि प्रसन्न, त्यांचा बाळकृष्ण खोडकर वाटतो तो त्या रेषेमुळे. मुळीकांच्या चित्रांत शरीराचा पीळ, घोड्यांची धाव, रणांगणाची खोली दिसते. कदमांच्या खांद्यावर तर १९८५ ते १९८९ या काळात प्रसिद्ध झालेल्या बेचाळीस भागांच्या 'महाभारता'चा भार होता. दूरदर्शनवर महाभारत अवतरण्यापूर्वीच अनेक घरांत ते कदमांच्या रेषांतून पोहोचले होते.

नोव्हेंबर १९८० मध्ये संस्थेने 'टिंकल' हे मुलांचे नियतकालिक काढले. येथे पुराण आणि इतिहास यांचे दडपण नव्हते, म्हणून चित्रकारांची विनोदबुद्धी मोकळी झाली. वाईरकरांचा सुप्पंडी, हळब्यांचा शिकारी शंभू, साठ्यांचा कालिया कावळा, डोंगऱ्यांचा तंत्री मंत्री ही पात्रे दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाचा भाग बनली. सुप्पंडीची मूळ कल्पना तमिळनाडूतील एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून आली. तिला चेहरा दिला तो वाईरकरांनी.

जपानचा दाखला

अशा संस्थेचे मोजमाप करावयाचे तर तुलनेसाठी जपानकडे पाहणे उपयुक्त ठरते. चित्रकथेला, म्हणजे तेथील 'मांगा'ला, इतकी प्रतिष्ठा आणि इतका खप अन्य कोणत्याही देशात क्वचितच लाभला असेल. तेथील 'शोगाकुकान' ही संस्था १९२२ मध्ये सुरू झाली ती प्राथमिक शाळेतील मुलांसाठी इयत्तावार अभ्यासपूरक मासिके काढण्यासाठी. म्हणजे शाळेचा आधार घेऊन मुलाच्या हाती पोहोचण्याचा मार्ग पै यांच्या कितीतरी आधी टोकियोत चोखाळला गेला होता. या संस्थेने १९२५ मध्ये मनोरंजनपर प्रकाशनांसाठी 'शुएशा' ही शाखा काढली. ती लवकरच स्वतंत्र झाली. शुएशाचे 'शोनेन जंप' हे नियतकालिक १९६८ मध्ये निघाले, पुढल्याच वर्षी साप्ताहिक झाले, आणि १९९४ च्या अखेरीस त्याच्या एका अंकाचा खप पासष्ट लाख प्रतींच्या वर गेला.

या वाढीच्या मुळाशी असलेल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली क्रमशः प्रसिद्धीची. कथा आठवड्याला थोडी थोडी छापावयाची, वाचकांच्या पसंतीपत्रांवरून ती चालू ठेवावयाची की गुंडाळावयाची ते ठरवावयाचे, आणि लोकप्रिय ठरलेल्या कथेचे स्वतंत्र खंड काढावयाचे, ही तेथील रीत. ओसामु तेझुका यांनी बुद्धचरित्र १९७२ ते १९८३ अशी अकरा-बारा वर्षे रेखाटले. 'अमर चित्र कथा'ने बुद्ध एका पुस्तिकेत मांडला. दोहोंचे प्रयोजन वेगळे होते : तेझुकांना बुद्धाच्या निमित्ताने स्वतःची कादंबरी सांगावयाची होती, पै यांना मुलाला बुद्धाची ओळख करून द्यावयाची होती.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. जपानमध्ये कथेचा स्वामित्वहक्क साधारणतः चित्रकाराकडे राहतो. खंडांच्या विक्रीवर त्याला मानधन मिळत जाते आणि त्याचे नाव हीच पुस्तकाची ओळख असते. वाचक दुकानात जाऊन 'तेझुकांचे नवे काय आले' असे विचारतो. 'अमर चित्र कथा'त हक्क प्रकाशनाचे राहिले आणि ओळख मालिकेच्या नाममुद्रेची झाली. मुलांना 'अंकल पै' ठाऊक होते. ज्यांच्या चित्रांवर ती मुले तासन्‌तास डोळे लावून बसत, ते वाईरकर किंवा मुळीक कोण, हे त्यांच्या पालकांनाही ठाऊक नव्हते. या व्यवस्थेमुळेच पुस्तिका स्वस्त राहिल्या, एकसारख्या दर्जाच्या राहिल्या आणि चारशेहून अधिक संख्येने निघू शकल्या, हे मान्य करावयास हवे. पण तिची किंमत चित्रकारांनी मोजली, हेही तितकेच खरे. मुळीकांनी पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी 'नागराज' (१९८६) रेखाटला, कदमांनी 'भोकाल' रेखाटला. मराठी कलावंत इंग्रजी आणि हिंदी बाजारपेठांत अशा रीतीने वावरत राहिले. मराठीत मात्र त्यांच्या नावावर उभे राहील असे एकही मोठे चित्रकथा-प्रकाशन घडले नाही.

भाषेचा प्रश्न

येथे भाषेचा मुद्दा अटळपणे येतो. 'कृष्ण'पासून पुस्तिका प्रथम इंग्रजीत सिद्ध होत आणि नंतर अन्य भाषांत जात. म्हणजे मराठी लेखकाने लिहिलेला, मराठी चित्रकाराने रेखाटलेला शिवाजी मराठी मुलाकडे अनुवाद होऊन येई. महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्तीत तर हा प्रवास आणखी वळणे घेतो. सुरत शहरातील नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून कापडधंद्याच्या निमित्ताने आलेली असंख्य मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. तेथील मूल घरी अहिराणी किंवा मराठी बोलते, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी बोलते. महानगरपालिकेच्या मराठी शाळा असल्या तरी अनेकांचे शिक्षण अन्य माध्यमांतून होते. चित्र मात्र भाषेची वाट पाहत नाही. ज्या मुलाला मराठी वाचताना अडखळावयास होते, तेही मुळीकांच्या घोडेस्वारामागे पुढच्या चौकटीत जाते. आणि चौकट कळल्यावर फुग्यातील मराठी शब्द आपोआप कळू लागतो. ज्या शहरावर १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी स्वारी केली, त्याच शहरात तीन शतकांनंतर त्यांचे चरित्र मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत, पण एकाच चित्रांनिशी मुलांच्या हाती आले. परप्रांतातील मराठी ग्रंथालयासाठी चित्रकथेचे महत्त्व या ठिकाणी आहे. भाषेपासून दुरावू लागलेल्या मुलाला परत भाषेत आणणारी ती सर्वांत सोपी पायरी आहे.

आक्षेप

या मालिकेवर टीकाही झाली आणि तिच्यात तथ्य आहे. नायक गोरे आणि राक्षस काळे, हा रंगांचा संकेत तिने बिनदिक्कत पुढे चालवला. स्त्रिया बहुधा पतिव्रता किंवा वीरांगना या दोनच साच्यांत बसवल्या गेल्या. इतिहास हा राजे, योद्धे आणि संत यांच्या चरित्रांची माळ असल्याचा ग्रह तिने दृढ केला; कारागीर, शेतकरी, कष्टकरी तिच्यात पार्श्वभूमीपुरतेच राहिले. डॉ. आंबेडकरांवरील पुस्तिका निघण्यास मालिका सुरू झाल्यापासून सुमारे एक दशक जावे लागले. बत्तीस पानांच्या मर्यादेत वादाचे, संशयाचे, दोन बाजूंचे काही मावत नाही, हेही एक कारण असेल. परंतु मुलाच्या मनावर पहिला ठसा उमटवणाऱ्या पुस्तकाची जबाबदारी पानांच्या संख्येने कमी होत नाही. अशा पुस्तिका ग्रंथालयाने ठेवाव्यात त्या शेवटचा शब्द म्हणून नव्हे; त्यांच्या शेजारच्या फळीवर मोठी चरित्रे असावीत आणि मूल एका फळीवरून दुसरीकडे जावे, हेच त्यांचे योग्य स्थान.

उतार आणि नवे पर्व

घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि मुलांची दुपार तिने व्यापली. १९९१ मध्ये नव्या पुस्तिकांचे नियमित प्रकाशन थांबले. जुन्या पुस्तिका जाड कागदावर, नव्या अनुक्रमांकांनी पुनर्मुद्रित होत राहिल्या. अकरा क्रमांकाचा 'कृष्ण' आता पाचशे एक क्रमांकाचा झाला. २००७ मध्ये इंडिया बुक हाऊसकडून ही मालिका व 'टिंकल' समीर पाटील यांनी उभारलेल्या 'एसीके मीडिया' या कंपनीकडे आली. पुढे फ्यूचर समूहाने तिच्यात गुंतवणूक केली. नवी चरित्रे निघू लागली, जुनी पाने संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर आली. वाईरकरांचे २००३ मध्ये निधन झाले. सुप्पंडीची रेषा त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी पुढे चालवली. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भरलेल्या चित्रकथा-संमेलनात अनंत पै यांना जीवनगौरव देण्यात आला आणि त्यानंतर काही दिवसांतच, २४ फेब्रुवारी रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. तोपर्यंत सुमारे वीस भाषांत मिळून दहा कोटींच्या आसपास प्रती विकल्या गेल्याचे संस्थेकडून सांगितले जात होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये संस्थेच्या भिवंडी येथील गोदामास मोठी आग लागली. पुस्तकांच्या साठ्याबरोबर आरंभीच्या काळातील छपाईचे काही जुने साहित्यही तिच्यात नष्ट झाले. छापील प्रती पुन्हा काढता येतात. जुने मूळ साहित्य पुन्हा निर्माण होत नाही.

ग्रंथालयाचे कार्य

या संदर्भात जपानमधील एक उदाहरण प्रत्येक ग्रंथालयाने ध्यानी ठेवावे असे आहे. युद्धोत्तर काळात तेथे गल्लोगल्ली भाड्याने पुस्तके देणारी छोटी वाचनालये होती. त्यांना 'काशिहोन' म्हणत. थोड्या येनमध्ये मांगा वाचावयास मिळे; अनेक थोर चित्रकार याच दुकानांसाठी चित्रे काढीत घडले. साप्ताहिकांची लाट आली तशी ही दुकाने बंद पडली आणि त्यांतील पुस्तके रद्दीत गेली. तोशिओ नाइकी हे अशाच एका वाचनालयाचे चालक. त्यांनी मात्र आपला संग्रह मोडला नाही, वाढवत नेला, आणि १९७८ मध्ये टोकियोत त्याचे मांगा ग्रंथालय उभारले. कोणी जपून ठेवावे असे ज्याला वाटत नव्हते, त्याचे पुढे संशोधकांसाठी मोल ठरले. १९९७ मध्ये हिरोशिमा शहराने सार्वजनिक मांगा ग्रंथालय उघडले, २००६ मध्ये क्योतो येथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत मांगा संग्रहालय सुरू झाले.

मराठी ग्रंथालयांना याहून फार साधे काम करावयाचे आहे. सभासदांच्या माळ्यावर, जुन्या पेट्यांत पडलेल्या चित्रकथा, विशेषतः त्यांच्या मराठी आवृत्त्या, स्वीकाराव्यात. त्यांची बांधणी करावी. आणि त्या तालिकेत चढवताना मालिकेच्या नावापाशी न थांबता लेखक आणि चित्रकार यांची नावे स्वतंत्र नोंदवावीत. 'शिवाजी' ही नोंद भागवतांच्या नावाखाली सापडावी, तशीच मुळीकांच्या नावाखालीही सापडावी. वाईरकर, विटणकर, कदम, हळबे यांची पत्रके तालिकेच्या खणात असावीत. प्रकाशनाने नाममुद्रा अमर केली. तिच्यामागील हातांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत नाव मिळवून देणे हे ग्रंथालयाच्या आवाक्यातले काम आहे, आणि त्यासाठी एका पत्रकापेक्षा अधिक काही लागत नाही.